जुन्या संगणकास कोणती कार्यप्रणाली द्यावी?

शाळेतील संगणक दहा-बारा वर्षांचा झाला, चालू होण्यास पाच-सात मिनिटे घेऊ लागला, की तो निकामी ठरवून कपाटामागे सारण्याची रीत पडली आहे. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून त्यावर बसविलेल्या कार्यप्रणालीचा असतो. चौथीच्या मुलाच्या पाठीवर दहावीचे दप्तर दिल्यास तो रखडणारच.

प्रथम यंत्राची रॅम पाहावी. विंडोज एक्सपी ५१२ एमबीवरही सुखाने चालते. परंतु तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० लागते, ती जुन्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरची होय. विंडोज ७ वर क्रोमची नवी आवृत्तीही २०२३ पासून मिळत नाही. अशा यंत्रावरून यूडायसची माहिती भरणे म्हणजे मुलांची नावनिशी उघड्यावर ठेवणे होय. केवळ टंकलेखन व चित्रे यांकरिता एक्सपी ठेवावयाची असेल, तर खुशाल ठेवावी. मात्र तिला इंटरनेट जोडू नये, आणि केंद्रातील दहा शाळांतून फिरणारा पेनड्राइव्ह तर मुळीच लावू नये.

इतर यंत्रांस लिनक्स द्यावी. ती विनामूल्य असते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असून तीत मराठीची सोय आहे. तथापि २ जीबीच्या यंत्रास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू अधिक हलकी पडते, असे माझे मत आहे. यंत्र ३२ बिटचे असेल, तर या दोहोंच्या नव्या आवृत्त्या त्यावर बसत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ देखील बसत नाही. डेबियन १२ घ्यावी.

जुने काही पुसण्यापूर्वी नवी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. ध्वनी, प्रक्षेपक आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकन तपासावे. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांतील प्रश्नपत्रिका आधीच पीडीएफ करून ठेवाव्यात. एरवी नव्या प्रणालीत त्या निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतील. खरी अडचण बहुधा प्रिंटरची येते. काही स्वस्त प्रिंटर लिनक्सला ओळख देत नाहीत. तेव्हा छपाईपुरते एक जुने यंत्र वेगळे, इंटरनेटविना, राखावे.