पाठ : सहावी ते आठवी – आईने लक्ष ठेवायची तीन वर्षे
(गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी चर्चा करावी)



आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड यांच्याबरोबर शिक्षणही आहे. पण त्याची पाळी येईपर्यंत बैठक उठायची वेळ होते. म्हणून या महिन्याचा पाठ फक्त शाळेवर.

आपल्या भागाला ही दोन्ही कामे नवी नाहीत. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्याच्या आधी याच तालुक्यात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा सुरू केल्या होत्या.

सहावी ते आठवीच का? पहिली-दुसरीच्या पोराला आपण हात धरून शाळेत सोडतो. सहावीत गेले की वाटते, आता मोठे झाले. मग मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, मुलगा लावणीला नाहीतर गुरांमागे जातो. शाळा काही एका दिवसात सुटत नाही. आधी आठवड्यातला एक दिवस बुडतो, मग लावणीचे पंधरा दिवस, मग कापणी-झोडणीचे. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो आणि पोर म्हणते, "मला काही कळत नाही, मी जाणार नाही." आणि शाळा सुटलेल्या मुलीला वर्षभरात स्थळे यायला लागतात, हे तुम्हाला सांगायला नको.

कायद्याने काय मिळते?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला हातात नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला मारणे किंवा घालूनपाडून बोलणे याला कायद्याने बंदी आहे. सहावी ते आठवीचे वर्ग वर्षात किमान २२० दिवस भरले पाहिजेत. मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी आणि पिण्याचे पाणी सुरक्षित हवे. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुलगी महिन्यातले चार दिवस घरी राहते का, हे तिलाच विचारा. शिक्षकांना ती सांगणार नाही.

दुपारच्या जेवणात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य धरलेले आहे, पाचवीपर्यंत १०० ग्रॅम. आपल्यातल्या काही गट हे जेवण शिजवतात, त्यांनी हे माप लक्षात ठेवावे. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा देतात, ती जेवणानंतर घ्यायची.

पास झाले म्हणजे आले का?

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडल्यास पुन्हा परीक्षा मिळते, तीही जमली नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. सहावी-सातवीत मूल पुढच्या वर्गात जात राहते, त्यामुळे कच्चेपणा आठवीत एकदम उघडा पडतो.

त्याआधी घरीच बघा. आपल्याला वाचता येत नसले तरी चालेल. हाच पाठ मुलाला मोठ्याने वाचायला द्या. अडखळते का, वाचलेले आपल्या शब्दांत सांगते का, ते ऐका. मग गटाचे गणित घाला: ५,००० रुपये कर्ज, महिना शेकडा १ रुपया व्याज, तीन महिन्यांचे व्याज किती? उत्तर १५० रुपये. नाही आले तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना भेटून सांगा, "याचे शेकडेवारीचे कच्चे आहे, काय करू?" असे नेमके विचारले की उत्तरही नेमके मिळते.

शाळेची समिती आपल्या गटासारखीच

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. बैठक कशी घ्यायची, ठराव कसा लिहायचा, पैशाचा हिशेब कसा मागायचा, हे आपल्याला येतेच की! पण पुष्कळदा आईचे नाव नुसते यादीत असते, वही घरी येते आणि सही होते. गटाच्या ठराव वहीवर आपण न वाचता सही करतो का? मग इथेही नको. बैठकीत हजेरीपट मागा. कोणते मूल महिन्यात पाच दिवसांपेक्षा जास्त गैरहजर आहे ते बघा आणि त्याच आठवड्यात दोघी-तिघींनी त्याच्या घरी जा.

अडचण सुटली नाही तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तोंडी सांगण्यापेक्षा समितीचा लेखी ठराव द्या आणि पोच घ्या.

कामाला बाहेर जाणाऱ्या कुटुंबांसाठी

दिवाळीनंतर वाडीतली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसवता येते. आजी-आजोबा गावात असतील तर मूल मागे ठेवणे सर्वांत चांगले, आणि गटाने त्या घरावर लक्ष ठेवावे.

पुढची शाळा आतापासून ठरवा

काही शाळा सातवीला संपतात, काही आठवीला. पोशीरच्या आसपासच्या मुलांना पुढे नेरळ किंवा कळंबकडे जावे लागते. गळती इथेच होते. रोजचे रिक्षाचे पैसे परवडत नाहीत, म्हणून आधी मुलीचे नाव कापले जाते. पण ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे. शाळेच्या वेळेला गाडी नसेल, तर कर्जत आगाराला समितीचा ठराव आणि मुलींची यादी द्या.

आठवीत शिष्यवृत्तीची एनएमएमएस परीक्षा असते. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के) असतील तर बसता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून सातवीतच शिक्षकांच्या कानावर घालून ठेवा.

आणि एक. शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख, जात आणि आधारवर नाव, जन्मतारीख बरोबर आहे का, ते आताच पडताळा. शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते, दाखला घेतल्यावर फार हेलपाटे पडतात.

बैठकीत बोलूया

१. आपल्या गटातल्या किती घरांत सहावी ते आठवीचे मूल आहे? नावे वहीत लिहा.
२. त्यातले कोण गेल्या महिन्यात पाच दिवसांपेक्षा जास्त घरी राहिले? का?
३. आपल्यातली कोण शाळेच्या समितीवर आहे? मागच्या बैठकीत काय ठरले, ते तिने सांगावे.
४. पुढच्या जूनमध्ये कोणत्या मुलीला शाळा बदलावी लागणार? तिची शाळा, पास आणि फी-वह्यांचा खर्च आज ठरवा. कमी पडत असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून द्या.

नावांची यादी पुढच्या बैठकीतही वाचा. एकही नाव गळलेले नसावे.