दिंडीची ट्रॉली आणि तापलेलं चाक

आषाढीच्या वाटेवर मोठ्या पालख्यांसोबत ट्रक असतात, पाण्याचे टँकर असतात, रुग्णवाहिका असते. आमच्यासारख्या अकोला तालुक्यातल्या गावच्या लहान दिंडीकडे एक ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली. महिनाभराचं अख्खं घर त्या ट्रॉलीत मावतं: पीठ, डाळ, तेलाचे डबे, पातेली, शेगड्या, सिलिंडर, सतरंज्या, पाण्याची टाकी, म्हाताऱ्यांची औषधं. वर पाइपाच्या कमानी वाकवून ताडपत्री ताणलेली. सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वाहनामागे ओढल्या जाणाऱ्या घराचं पुष्कळांना नवल वाटलं. वऱ्हाडाला ते नवीन नाही.

पण दिंडीत विणेकरी ठरलेला असतो, चोपदार ठरलेला असतो, स्वयंपाकाचे गट ठरलेले असतात. ट्रॉली मात्र कुणाच्याच नावावर नसते. ट्रॅक्टर ज्याचा, त्याचं लक्ष इंजिनावर. ट्रॉलीला इंजिन नाही, तेव्हा तिला काय होणार, अशी समजूत असते. ही समजूत किती धोक्याची आहे ते आम्ही पातूरच्या घाटापलीकडे पाहिलं, म्हणून हे लिहितो आहे.

आमची वाट साधारण शेगावच्या पालखीचीच. अकोला, पातूर, मेडशी, पुढे परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा. निघायची वेळ नेमकी शेतीच्या धांदलीची. मेच्या शेवटापर्यंत ट्रॉली शेणखत वाहते, मग बियाणं आणि खताची पोती, आणि तिथून थेट दिंडीला. त्या वर्षीही तसंच झालं. नाल्यातून ये-जा करून आलेल्या ट्रॉलीला निघण्याआधी ग्रीस भरून आणलं होतं. निप्पलभोवती नवं ग्रीस चमकत होतं, त्यामुळे सगळे निर्धास्त.

घाट चढून मेडशीच्या बाजूला उतरताना मागून येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, या चाकातून काय सांडून राह्यलं?" डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला पातळ, काळं ग्रीस उडालेलं होतं. हबपाशी हात नेला तर टेकवता येईना. ट्रॅक्टर तिथेच थांबवला. टाकीतलं पाणी सोडलं, पोती उतरवली, मग कुठे जॅकने चाक उचललं. मिस्त्री आले, चाक काढलं. बेरिंगचे रोलर उष्णतेने निळे पडलेले, पिंजरा तुटलेला, आतली रिंग अ‍ॅक्सलला चिकटलेली. मिस्त्री म्हणाले, "अजून दोन-तीन किलोमीटर गेले असते, त चाक निंगून पुढं पयालं असतं." पुढे म्हणजे कुठे, हे कुणी बोललं नाही. पुढे आमचीच माणसं टाळ वाजवत चालली होती.

मूळ कारण ऑइल सील. हबच्या आतल्या बाजूला रबराची ही कडी असते, आणि ती फाटलेली होती. चालून तापलेला हब नाल्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. सोबत काळ्या मातीचा गाळ. वरून ग्रीसगनने कितीही ग्रीस दाबा, आतला गाळ तिथेच राहतो, उलट बेरिंगमध्ये खोल जातो. म्हणून दिंडीआधी नुसतं ग्रीस भरणं पुरेसं नाही. हब उघडा. बेरिंग डिझेलमध्ये धुऊन सुकवा, बोटाने फिरवून पाहा. रोलरवर खड्डे, ओरखडे किंवा निळसर झाक दिसली तर बदला, आणि बदलताना आतलं-बाहेरचं दोन्ही, त्यांच्या वाट्यांसकट. सील प्रत्येक वेळी नवंच घाला. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींतून दाबून भरायचं, आणि दोन जातींचं ग्रीस एकत्र करायचं नाही; ती एकमेकांत जमली नाहीत तर पातळ होऊन वाहून जातात.

हबचा नट कसा आवळला आहे हे मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून बघा. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड फिरू लागलं की थोडा सैल करायचा, जवळच्या खाचेत पिन घालायची आणि तिची टोकं वाकवायची. घट्ट नट बेरिंग जाळतो, सैल नट ते ठोकून फोडतो. पिनेच्या जागी खिळा घातलेल्या ट्रॉल्या मी गावोगावी पाहिल्या आहेत. तो खिळा तुटला की नट फिरत बाहेर येतो. असलं काम परत करायला लावा, मिस्त्री रागावले तरी.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. मोटारीचं चाक ब्रेकमुळेही तापतं. बिनब्रेकच्या ट्रॉलीचा हब इतका तापला तर कारण बेरिंगमध्येच शोधायचं. म्हणून नियम असा: निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरांनी थांबायचं आणि दोन्ही हबना हाताची मागची बाजू हळूच लावायची. कोमट असेल तर ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा ठळकपणे गरम असेल तर लक्ष ठेवायचं. हात टेकवता आला नाही तर तिथेच थांबायचं, मुक्काम कितीही जवळ असो. थंड करायला त्यावर पाणी ओतू नका. पाणी आत कसं जातं ते वर सांगितलंच आहे. मुक्कामी ट्रॉली रिकामी झाली की चाक जॅकवर घ्या, वरून-खालून धरून हलवा. खडखड हलत असेल तर बेरिंग सैल आहे. फिरवल्यावर आत वाळू दळल्यासारखा आवाज आला तर ते गेलेलं आहे.

आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या ट्रॉल्या गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनतात. एका कारागिराची अ‍ॅक्सल दुसऱ्यासारखी असेलच असं नाही. परक्या गावात दुकानदाराला 'ट्रॉलीचं बेरिंग द्या' म्हणून भागत नाही. बेरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, सीलवरही असतो. हब उघडाल त्या दिवशी हे नंबर वहीत लिहा, ट्रॉलीच्या दांड्यावर आतून रंगानेही लिहा. एका चाकाचा पूर्ण संच, सील आणि पिना सोबत ठेवा. आम्हाला त्या दिवशी बेरिंग मिळेपर्यंत रात्र झाली. रस्त्याकडेच्या गावाने आमच्या माणसांना जेवू घातलं. त्या गावाचं ऋण आम्ही मानतो.

आता वजनाचं. दोन चाकांच्या ट्रॉलीत भार कुठे ठेवला यावर सगळं अवलंबून असतं. भार अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे हवा, म्हणजे दांडा ट्रॅक्टरच्या हुकावर थोडा दाबून राहतो. भार मागे गेला की दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, चढावर ती घसरतात आणि सपाटीवर ट्रॉली झोला खाते. दिंडीच्या ट्रॉलीत यात पाण्याची भर असते. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती सोयीसाठी मागे, फाळक्याजवळ ठेवली जाते, कारण तोटी हाताशी येते. तसं करू नका. टाकी अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, पक्की बांधलेली हवी. तोटी लांब हवी असेल तर नळी जोडा. अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा वाईट, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावतं. घाट लागण्याआधी पाणी सोडून द्या; पलीकडच्या मुक्कामाला नव्याने भरता येतं.

हुकाची पिन जाडजूड, भोकात नीट बसणारी आणि खालून लॉक केलेली असावी. सळईचा तुकडा पिन म्हणून घालू नये. दांड्याचं भोक घासून लांबट झालं असेल तर गिअर बदलताना धक्का बसतो, आणि तोच धक्का हळूहळू वेल्डिंग फोडतो. दांड्याच्या सांध्यांवरून ओलं फडकं फिरवा. चीर असेल तर फडकं उचलल्यावर तिथे बारीक ओली रेघ उरते. हुकाशिवाय एक साखळी ट्रॅक्टर आणि दांड्यात बांधलेली असावी. पिन गेलीच तर साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

पातूरचा घाट किंवा पुढे तुळजापूरचा घाट उतरताना ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या, मध्ये क्लच दाबू नका, न्यूट्रलचा विचारही नको. ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल शेतात वेगळे वापरतात, रस्त्यावर मात्र खिटी लावून एकत्र जोडायचे. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. आणि अशा उतारावर पायी चालणारे आधी उतरू द्या, ट्रॉली नंतर. आमच्या दिंडीत आता हाच क्रम पाळला जातो.

टायरबद्दल थोडक्यात. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या ट्रॉलीचे टायर नक्षी शिल्लक असूनही आतून मरतात. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर त्या टायरवर भार टाकू नका. टायरवर चार आकडे छापलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. चाक बदललं तर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि काही किलोमीटरांनी पुन्हा तपासा.

दिवे हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण दिंडी पहाटे अंधारात निघते. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद लुकलुकतो, किंवा सगळेच दिवे मिणमिणतात, अशी तक्रार नेहमी येते. बल्ब बदलत बसू नका. बहुतेक वेळा अर्थची वायर गंजलेली असते. ट्रॉलीच्या सांगाड्यावर तिचा बोल्ट शोधा, जागा घासून लोखंड उघडं करा, पुन्हा आवळा. मागच्या फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी सबंध रुंदीभर लावा. वायर तुटली तरी ती चमकते. रात्री भजनाचे दिवे आणि मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावू नका, सकाळी स्टार्टर उठणार नाही. त्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा. आणि कमानीवरचा पताकेचा दांडा गावात शिरण्याआधी खाली घ्या. विजेच्या तारा लोंबत असतात.

गॅसबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, ट्रॉलीच्या तळाशी फाळक्यांच्या आत साचतो, आणि पाऊस म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी बंद केलेली असते. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. चाकांवरच्या घरात स्वयंपाक म्हणजे हा धोका. कितीही पाऊस असो, ट्रॉलीत शेगडी पेटवायची नाही. ताडपत्रीचं वेगळं छत जमिनीवर टाकायचं. सिलिंडर उभे बांधायचे, चालत्या ट्रॉलीत रेग्युलेटर काढून टोपी लावायची, नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे. फाळका मुक्कामी उघडा ठेवायचा.

वाटेवरचा शेवटचा मुद्दा बोलताना शब्द घशात अडकतात, कारण पाय सुजलेल्या आजींना नाही कसं म्हणायचं? पण ट्रॉली ही मालाची गाडी आहे. तिच्यात माणसं बसवायची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसहून अधिक जण दगावले, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. थकलेल्यांसाठी गावाने वर्गणी काढून एक जीप सोबत घ्यावी. आमच्या गावाने घेतली. पैसे जुळवायला त्रास झाला, पण झाले.

पंढरपूरहून परतलेली ट्रॉली दुसऱ्याच दिवशी शेतात जाते. तसं होऊ देऊ नका. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. बोअरचं खारं पाणी मारून ट्रॉली धुतली की सांगाडा गंजतो, आणि युरियाचे सांडलेले दाणे पत्रा खातात. आधी झाडून घ्या, मग नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, हबवर जोराची धार न मारता. वाळल्यावर पत्र्याच्या सांध्यांना रंग लावा. दिवाळीपर्यंत काम नसेल तर अ‍ॅक्सलखाली ठोकळे देऊन टायर जमिनीवरून उचला आणि पोत्यांनी झाका. मग वहीत बेरिंगचे नंबर, टायरचे आकडे आणि कोणता भाग कधी बदलला ते लिहून ती वही पुढच्या वर्षी ट्रॉली ज्याच्याकडे सोपवली आहे त्याच्या हातात द्या, गावाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर.