अंगणातील झाड आणि कायदा

आपल्या अंगणातील झाड तोडण्यास परवानगी कशाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत खाजगी जागेतील झाडासही परवानगी लागते. ‘तोडणे’ या शब्दात जाळणे व इजा पोहोचविणेही येते. बुंध्याशी कचरा पेटविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे! अर्ज आल्यावर झाडावर नोटीस लावली जाते. ती वाचणारा विरळाच. विद्यार्थ्यांनी ती वाचून मुदतीत लेखी हरकत द्यावी. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे वा अधिक वयाचे झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरते. म्हणून वस्तीतील वड, पिंपळ, कडुलिंब किती जुने, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच वहीत लिहून ठेवावे. हरकत घेताना ती नोंद उपयोगी पडेल.