हत्तीचे घड्याळ, खोटे बदक आणि आपला माग

जगात दोन प्रकारचे शोध लागले, असे शाळेच्या पुस्तकांवरून वाटते. एक उपयोगाचे आणि दुसरे निव्वळ करमणुकीचे. पहिल्यांची नावे पाठ करायची आणि दुसऱ्यांना हसायचे, अशी आपली रीत. आम्ही कापडाच्या व्यापारात उभे आयुष्य घालवले, आणि कापडाचा इतिहास जसजसा वाचत गेलो तसतसे आमचे मत उलटे होत गेले. ज्या मागावर मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील असंख्य घरांची चूल पेटते, त्या मागाच्या खानदानात एक दाणे खाणारे यांत्रिक बदक आहे आणि बुद्धिबळ खेळणारा एक लाकडी पुतळाही आहे. यातील एक अर्धे खोटे होते आणि दुसरा पूर्ण खोटा. तरी दोघांनी माग घडवला. हे कसे झाले, हे आपल्या कारागीर आणि व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

बगदादचे तीन भाऊ

सुरुवात जुन्या उस्तादांपासून करू. इसवी सन 850 च्या सुमारास बगदादमध्ये मुहंमद, अहमद आणि हसन या तीन भावांनी ‘किताबुल हियल’ नावाचे पुस्तक लिहिले. इतिहासात ते बनू मूसा म्हणून ओळखले जातात. पुस्तकात सुमारे शंभर युक्त्यांची वर्णने आहेत. त्यांतील बहुतेक गमतीची भांडी आहेत. एकाच तोटीतून वेगवेगळी पेये देणारी सुरई, थोडे थांबून पुन्हा ओतू लागले की काहीच आत न घेणारा घडा, असा सारा मामला. दरबारातील पाहुण्यांना चकित करणे, हाच हेतू.

पण त्याच पुस्तकात पाण्याच्या तळाशी पडलेली वस्तू उचलणारा यांत्रिक पंजा आहे, विहिरीतील विषारी हवेपासून मजुराला वाचवणारा भाता आहे आणि वात आपोआप पुढे सरकवणारा दिवा आहे. घड्यातील पाणी नेमक्या वेळी अडवायला जी झडप लागते, तिचे काम गमतीपुरते संपत नाही. कारागीर जेव्हा राजाला हसवत होता, तेव्हा त्याचा हात झडप बसवायला शिकत होता.

जझरीचा हत्ती आणि जझरीचा पंप

साडेतीनशे वर्षांनी दियारबकरच्या अर्तुकी दरबारात इस्माईल अल-जझरी नावाचे उस्ताद होते. पंचवीस वर्षे चाकरी केल्यावर सुलतान नासिरुद्दीन महमूद यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपले काम पुस्तकात उतरवले. ते 1206 मध्ये पूर्ण झाले. त्यात पन्नास यंत्रे आहेत.

त्यांचे हत्तीचे घड्याळ प्रसिद्ध आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, टाकीत भोक असलेला वाडगा. वाडगा अर्ध्या तासात भरून बुडतो, दोरी ओढली जाते, वर पक्षी फिरतो, बहिरी ससाण्याच्या चोचीतून गोळा सुटतो, तो अजगराच्या तोंडात पडतो, अजगर खाली झुकतो आणि माहूत हत्तीला ठोका देतो. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र वापरत, त्याचीच ही युक्ती. भोवती थाट मात्र शाही. वेळ कळायला एक वाडगा पुरे होता. हत्ती, पक्षी, अजगर आणि माहूत हा सगळा वरखर्च! हात धुण्यासाठीही त्यांनी मोराच्या आकाराचे यंत्र केले आहे. मोराच्या चोचीतून पाणी येते, मग एक पुतळा साबणाची पूड घेऊन पुढे येतो आणि दुसरा टॉवेल घेऊन.

आता त्याच पुस्तकाचा पाचवा भाग उघडावा. तिथे पाणी उपसण्याची पाच यंत्रे आहेत. त्यांतील शेवटच्या यंत्रात नदीच्या प्रवाहावर चाक फिरते, चाकामुळे एक दांडा डावीउजवीकडे हलतो आणि समोरासमोर ठेवलेल्या दोन नळकांड्यांतील दट्टे आळीपाळीने पाणी ओढतात आणि वर फेकतात. एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो. मोराला बनवणाऱ्या आणि पंपाला बनवणाऱ्या हातांत फरक नाही, हात एकच.

आमच्या मते जझरींची खरी थोरवी मात्र वेगळीच आहे. त्यांनी मापे लिहून ठेवली. कोणता भाग कशाचा, किती लांब, कुठे जोडायचा, लाकूड वाकू नये म्हणून पातळ थर कसे चिकटवायचे, झडप बसते की नाही हे घासून कसे पाहायचे, हे सर्व आकृत्यांसह दिले. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र करता यावे, असे लिहिले. म्हणून विसाव्या शतकात लोकांनी त्या पुस्तकावरून त्यांचे पाण्याचे घड्याळ पुन्हा उभे केले आणि ते चालले.

बदकाचा मालक रेशमाचा निरीक्षक

आता फ्रान्सकडे वळू. तिथल्या मंडळींनी जझरींचे पुस्तक वाचले होते, असे आमचे म्हणणे नाही. पण दरबारी करामतीतून कामाचे यंत्र निघण्याची गोष्ट तिथेही तशीच घडली. झाक वोकान्सों या कारागिराने 1738 मध्ये खरोखर फुंक मारून बासरी वाजवणारा पुतळा दाखवला आणि पाठोपाठ एक बदक. हे बदक पंख फडफडवी, दाणे खाई आणि थोड्या वेळाने विष्ठाही टाकी. पॅरिसचे लोक पैसे देऊन पाहायला येत. पुढे उघड झाले की दाणे एका कप्प्यात जात आणि विष्ठा आधीच दुसऱ्या कप्प्यात भरून ठेवलेली असे. पचन खोटे होते. पंखांचे सांधे, चाकांवरची उंचसखल खुणांची रचना आणि त्यावरून ठरणारी हालचालींची क्रमवारी मात्र खरी होती.

फ्रान्सच्या सरकारने या माणसाची पारख बरोबर केली. 1741 मध्ये त्याला रेशीम कारखान्यांचा निरीक्षक नेमले. त्याने लियों शहरातील विणकरांसाठी नवे नियम आणले, तेव्हा 1744 मध्ये विणकर खवळले, दगडफेक झाली आणि त्याला शहर सोडून पळावे लागले. त्यानंतर त्याने नक्षीचे कापड आपोआप विणणारा माग बनवला. तो धंद्यात चालला नाही आणि पॅरिसमध्ये धूळ खात पडला.

नक्षीच्या जुन्या मागावर विणकराखेरीज एक पोर लागे. तो दोर ओढून ताण्याचे नेमके धागे उचली. औरंगाबादच्या हिमरूच्या जुन्या मागावरही नक्षीचे दोर ओढायला असाच मदतनीस लागे. लियोंच्याच झोझेफ जॅकार्ड यांनी वोकान्सोंचा पडीक माग पाहिला, त्याआधीच्या दुसऱ्या कारागिरांची भोकाच्या पुठ्ठ्यांची युक्ती त्याला जोडली आणि 1804 मध्ये आपला माग सिद्ध केला. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. 1839 मध्ये जॅकार्ड यांचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे 24,000 पुठ्ठे लागले. हीच भोकांची कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत भोकाच्या पत्त्यांवर माणसे मोजली गेली. आज इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पुठ्ठ्याऐवजी संगणकाची फाइल लागते. म्हणजे मागाने संगणकाला जे उसने दिले, ते संगणकाने परत केले.

पेटीतला माणूस

यंत्रमागाची कथा त्याहून नवलाची आहे. 1770 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन या अधिकाऱ्याने बुद्धिबळ खेळणारा पुतळा दाखवला. डोक्यावर पागोटे, अंगात तुर्की पोशाख, समोर मोठी पेटी. पेटीची दारे उघडून आतली चाके दाखवत, मग पुतळा भल्याभल्यांना हरवी. पेटीत एक खेळाडू लपलेला असे. पूर्ण फसवणूक.

हा पुतळा लंडनमध्येही गाजला. 1784 च्या उन्हाळ्यात एडमंड कार्टराइट नावाचे पाद्री मँचेस्टरच्या काही मंडळींशी बोलत होते. सूत कातणारी यंत्रे इतकी वाढतील की विणायला माणसे पुरणार नाहीत, अशी त्या मंडळींना चिंता होती. कार्टराइट म्हणाले, मग विणणारे यंत्र करा. सगळ्यांनी ते अशक्य ठरवले. तेव्हा त्यांनी दाखला दिला तो याच पुतळ्याचा: यंत्र बुद्धिबळ खेळते, तर विणणे त्याहून अवघड कसे? विणकराला काम करताना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. 1785 मध्ये पेटंट घेतलेला त्यांचा पहिला माग इतका बोजड होता की दोन दणकट माणसे थोडाच वेळ तो चालवू शकत. पेटंट घेतल्यावर ते इतर लोक कसे विणतात हे पाहायला गेले आणि मग सुधारणा सुरू झाल्या.

हिशेब मात्र पूर्ण वाचावा. कार्टराइट यांचे दिवाळे निघाले. त्यांचे माग बसवलेली मँचेस्टरची गिरणी जळाली. 1808 मध्ये इंग्लंडच्या हातमाग विणकरांनी किमान मजुरीचा कायदा मागितला, तो पार्लमेंटने नाकारला. मँचेस्टरमध्ये जमलेल्या विणकरांवर लष्कर चालून गेले आणि एक विणकर मारला गेला. पुढच्याच वर्षी, 1809 मध्ये, त्याच पार्लमेंटने कार्टराइट यांना 10,000 पौंड दिले. तेव्हा यंत्रमाग अजून थोडेच होते, पण मजुरी घसरायला लागली होती. यंत्र एका रात्रीत येत नाही. ते वीस-तीस वर्षे दारात उभे असते, आणि त्या काळात ज्याच्याकडे ना माहिती पोचते ना भांडवल, त्याचा बळी जातो.

आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट, नवलाला हसून उडवू नये. बदक खोटे असले तरी सांधे खरे असतात. नवे यंत्र बाजारात आले की त्यातला कोणता भाग आपल्या कामाचा आहे, ते शोधावे.

दुसरी गोष्ट, पेटी उघडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवणारा विक्रेता आपला माणूस, आपले सूत आणि आपली वेळ निवडतो. आपण आपले सूत न्यावे, आपला कारागीर बसवावा आणि पूर्ण पाळी चालवून पाहावे. तुटलेले धागे मोजावेत, विजेचा आकडा पाहावा, सुटा भाग कुठे मिळतो ते विचारावे. जो नकार देईल, त्याच्या पेटीत कोणी लपलेला आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या परिचयात एक वयोवृद्ध मिस्त्री होते. माग नुसता आवाज ऐकून ते कुठे बिघाड आहे ते सांगत. नव्या जातीचे सूत चढवायचे तर चार कारखानदार त्यांच्या दारात. त्यांचा इंतकाल झाला आणि चाळीस वर्षांचा तजुर्बा त्यांच्याबरोबर मातीत गेला. घरात एक कागदही निघाला नाही. त्यांची मुले हुशार आहेत, पण प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून शिकत आहेत, आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जात आहे. हुन्नर छातीत दडवला म्हणजे सुरक्षित राहतो, हा आपल्याकडचा समज खरा नाही. जझरींचे यंत्र आठशे वर्षांनी चालले, ते त्यांनी मापे लिहिली म्हणून.

तेव्हा प्रत्येक कारागिराने दोनशे पानांची एक वही आजच घ्यावी. कोणत्या सुताला किती ताण, कोणती फणी, कोणता रंग किती वेळ, कुठे काय बिघडले आणि कसे सुधारले, हे मराठीत, उर्दूत, ज्या भाषेत हात चालेल त्या भाषेत लिहावे. लिहिता येत नसेल तर मुलाला किंवा मुलीला समोर बसवून सांगावे. ती वही गल्ल्यातल्या पैशाइतकीच जपून ठेवावी.