शमुवेल : एका नांवाचा शोध

गेल्या सत्राच्या आरंभीं हजेरी घेत असतां एका नवीन विद्यार्थ्याचें नांव मीं ‘शमुवेल’ असें पुकारलें, तेव्हां मागील बांकावरील दोघेतिघे हंसले. तास संपल्यावर तो मुलगा मजकडे आला व खालीं मान घालून म्हणाला, “सर, हजेरीपटांत माझें नांव सॅम्युएल असें लिहाल काय? शमुवेल म्हणजे काय तें कोणासच कळत नाहीं.” मीं त्यास विचारलें, “तुला तरी कळतें काय?” त्यानें नकारार्थी मान हालविली. तेव्हां मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, “शमुवेल म्हणजे ‘ईश्वरानें ऐकलें’.” मुलाचें समाधान झालें, परंतु घरीं जाऊन ग्रंथ चाळूं लागल्यावर माझें मात्र होईना. माझें उत्तर घाईचें होतें. तें कसें व कां, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

प्रथम मूळ कथा पाहूं. इब्री शास्त्रांत शमुवेलाच्या नांवाचे दोन ग्रंथ आहेत. त्यांपैकीं पहिल्याच्या आरंभीं एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखांत राहणाऱ्या एलकाना नांवाच्या गृहस्थाची हकीकत आहे. त्यास हन्ना व पनिन्ना अशा दोन स्त्रिया होत्या. पनिन्नेस मुलेंबाळें होतीं, हन्नेस मूल नव्हतें. आणि सवत तिला त्यावरून सतत टोंचीत असे. शिलो येथील मंदिरांत वार्षिक यज्ञासाठीं गेली असतां हन्नेनें रडत रडत नवस केला कीं, मला पुत्र झाला तर तो जन्मभर देवाच्या सेवेस देईन. तिचे ओंठ हालत होते, पण शब्द ऐकूं येत नव्हता. म्हणून एली नांवाच्या वृद्ध याजकास वाटलें कीं, ही स्त्री मद्य प्यालेली आहे! पुढें तिला मुलगा झाला व तिनें त्याचें नांव शमुवेल ठेविलें. तिनें दिलेलें कारण असें कीं, हा मीं परमेश्वरापाशीं मागितला.

येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो. इब्री भाषेंत ‘मागणें’ ह्या अर्थाचा धातु ‘शाअल’ हा आहे. त्यापासून सरळ होणारें नांव शमुवेल नसून ‘शाऊल’ हें होय. मराठी शास्त्रांत ज्यास आपण ‘शौल’ म्हणतों, त्या इस्राएलाच्या पहिल्या राजाचें तें नांव आहे. त्याच अध्यायाच्या शेवटीं हन्ना आपल्या मुलाविषयीं जो शब्द वापरते, तो तर अक्षरशः ‘शाऊल’ असाच आहे. ह्यावरून कांहीं आधुनिक पंडितांनीं असा तर्क केला कीं, ही जन्मकथा मुळांत शौल राजाची असावी. उलट, बाराव्या-तेराव्या शतकांत होऊन गेलेला प्रसिद्ध यहुदी वैयाकरण दावीद किम्ही ह्यानें निराळी तोड काढिली. ‘शाऊल मे-एल’, म्हणजे ‘देवापासून मागून घेतलेला’, ह्या शब्दांचा संक्षेप होऊन शमुवेल झालें, असें त्याचें म्हणणें.

आतां ‘ईश्वरानें ऐकलें’ ह्या अर्थाकडे वळूं. ‘ऐकणें’ ह्यास इब्रीत ‘शामा’ असा धातु आहे, आणि कथेशीं हा अर्थ फार जुळतो. हन्नेची प्रार्थना ऐकली गेली. आणि पुढें बालक शमुवेल मंदिरांत निजला असतां त्यानें रात्रीं आपणांस कोणी हांक मारितो असें ऐकलें व एलीनेंच बोलाविलें असें समजून तो तीन वेळां धांवत त्याजकडे गेला, हा प्रसंग सर्वांस ठाऊकच आहे. परंतु व्याकरण येथें आड येतें. ‘शामा’ ह्या धातूच्या अंतीं ‘अयिन’ नांवाचें कंठांतून उच्चारावयाचें व्यंजन आहे. ‘इश्माएल’ ह्या नांवांत तें व्यंजन आहे. म्हणून त्या नांवाचा अर्थ ‘देव ऐकतो’ हा निःसंशय होय. शमुवेल ह्या नांवांत शीन, मेम, वाव, आलेफ व लामेद एवढींच अक्षरें आहेत, अयिन नाहीं. अर्थात् मीं वर्गांत दिलेला अर्थ कानास गोड असला, तरी अक्षरांस मान्य नाहीं.

मग उरतें काय? ‘शेम’ म्हणजे नांव आणि ‘एल’ म्हणजे ईश्वर. ‘ईश्वराचें नांव’ किंवा ‘ज्याचें नांव एल, तो’ असा अर्थ बहुतेक भाषापंडित आज ग्राह्य मानितात. ह्यास बाहेरचाही आधार आहे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा खापरपणजोबा इसवी सनापूर्वीं एकोणिसाव्या शतकांत राज्य करीत होता. त्याचें नांव ‘सुमु-ला-एल’. ह्या नांवांतील ‘सुमु’ म्हणजे इब्रीतील ‘शेम’च होय, असें मानितात. तेव्हां ह्या घडणीचीं नांवें शमुवेलाच्या पूर्वींही शेंकडों वर्षें त्या प्रदेशांत प्रचलित होतीं.

तर मग हन्नेनें सांगितलेलें कारण खोटें समजावयाचें काय? मला तसें वाटत नाहीं. आई नांव ठेविते तेव्हां ती कोश उघडून बसत नाहीं. नाद व प्रसंग जुळला कीं तिचें काम झालें. आपल्याकडे नवसानें झालेल्या किंवा पहिलीं मुलें दगावल्यावर जगलेल्या मुलास ‘भिकाजी’ म्हणतात. त्यांतील भाव हाच कीं, हा आम्हीं देवाजवळ भीक मागून घेतला. हन्ना व आपल्या गांवची भिकाजीची आई ह्या एकमेकींचें मन सहज ओळखतील.

नांवाचा पुढील प्रवासही मनोरंजक आहे. इब्री शास्त्राचें ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकापासून होऊं लागलें. ग्रीक भाषेंत ‘श’ हा वर्णच नसल्यामुळें शमुवेलाचा ‘सामुएल’ झाला; तोच लॅटिनमध्यें व तेथून युरोपांत गेला. अरबांनीं त्याचें ‘समौअल’ केलें. सहाव्या शतकांतील ह्या नांवाच्या यहुदी कवीविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, मित्रानें विश्वासानें ठेविलेलीं चिलखतें शत्रूच्या हातीं देण्यापेक्षां त्यानें डोळ्यांदेखत स्वपुत्राचा वध पत्करिला; म्हणून ‘समौअलाहून विश्वासू’ अशी म्हणच अरबींत पडली. अकराव्या शतकांत स्पेनमधील ग्रानाडाच्या मुसलमान राजाचा वजीर शमुवेल हनागीद हा इब्रीचा थोर कवि होता.

इंग्लंडांत मध्ययुगीं संतांचींच नांवें बहुधा ठेवीत. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर मात्र शास्त्र घरोघर लोकभाषेंत वाचलें जाऊं लागलें आणि प्युरिटन लोकांनीं जुन्या करारांतील नांवें आवडीनें उचललीं. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स (जन्म १६३३) व १७५५ सालीं इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारा डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन हे सर्वश्रुत आहेत. १८३६-३७ मध्यें डिकन्सनें पिक्विकची कथा लिहिली, तेव्हां हें नांव इतकें सामान्य झालें होतें कीं, तींत धनी सॅम्युएल आणि चाकरही सॅमच आहे! अमेरिकेंत तारायंत्राचा प्रवर्तक सॅम्युएल मोर्स झाला; आणि त्या राष्ट्राचें ‘अंकल सॅम’ हें टोपणनांव १८१२ च्या युद्धांत सैन्यास मांस पुरविणाऱ्या सॅम्युएल विल्सन ह्यावरून पडलें, असें मानितात. विसाव्या शतकांत वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक १९६६ सालीं इब्री लेखक शमुवेल योसेफ अग्नोन ह्यास व १९६९ सालीं सॅम्युएल बेकेट ह्यास मिळालें. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत आजही हें नांव मुलांच्या आवडत्या नांवांत मोडतें.

परंतु आपणांस सर्वांत जवळचा शमुवेल कोंकणांतला आहे. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. गांवांवरून त्यांचीं आडनांवें पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं पडलीं आणि जुन्या इब्री नांवांसही मराठी वळण लागलें. इसहाकाचा इसाजी, यहेज्केलाचा हसाजी व शमुवेलाचा सामाजी झाला. सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंत अंमलदार होते. म्हैसूरच्या युद्धांत ते टिपू सुलतानाच्या कैदेंत पडले व सुटून परत आले. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें, असें सांगतात. मांडवीच्या बाजूस असलेला सॅम्युएल स्ट्रीट हा त्यांच्याच नांवाचा.

एवढें कळल्यावर मीं त्या मुलास बोलाविलें व म्हटलें, “बाळ, मीं तुला चुकीचें सांगितलें. तुझ्या नांवाचा अर्थ बहुधा ‘ईश्वराचें नांव’ असा आहे. ‘ऐकलें’ हा अर्थ मागाहून जोडलेला दिसतो. आणि हेंही लक्षांत ठेव कीं, ग्रीक व इंग्रजांस जो ‘श’ टिकवितां आला नाहीं, तो देवनागरींत टिकला आहे. मूळ उच्चाराशीं सॅम्युएलपेक्षां शमुवेलच जवळचें. आतां हजेरीपटांत काय लिहूं तें तूं सांग.”

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “घरीं आजीस विचारून उद्यां सांगतों.” दुसऱ्या दिवशीं तो आला, तो हंसतच. आजीनें त्यास सांगितलें होतें कीं, तुझा बाप तीन बहिणींच्या पाठीवर झाला, आणि तूंही आम्हांस मागूनच मिळालास. हजेरीपटांत ‘शमुवेल’ तसेंच राहिलें. विद्यार्थिमित्रहो, आपल्या नांवाचा अर्थ कोशांत अवश्य पाहावा; परंतु तें कां ठेविलें हें कोशांत सांपडत नाहीं. तें सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच त्यांस विचारून घ्यावें.