रॅकेटची तात कशी निवडावी

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी फळ्यावर गणित सोडविण्यास उठला आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिला. हात वर नेताच त्याच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येत होती. चौकशी करता हकीकत कळली ती अशी. मामांनी त्याला टेनिसची एक जुनी रॅकेट दिली होती. तिची जाळी तुटलेली होती. वडील डिंडोलीजवळच्याच एका कारखान्यात यंत्रमागावर पाळी करतात. त्यांनी जादा कामाचे पैसे नव्या जाळीसाठी मुलाच्या हाती ठेवले. दुकानात गेल्यावर, ज्या वेष्टनावर एका जगज्जेत्या खेळाडूचे छायाचित्र होते तीच तात त्याने मागितली, आणि 'घट्ट करा' असेही सांगितले. दुकानदाराने ५८ पौंडांच्या ताणाने जाळी विणून दिली. मुलगा रोज खेळू लागला आणि तीन आठवड्यांत त्याचे कोपर दुखू लागले.

पैसे गेले आणि हातही दुखावला. मुलाची चूक म्हणावी तर ती अज्ञानाची होती, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांलाही याविषयी फारसे ठाऊक नव्हते. पुढे जे वाचले, विचारले व पडताळून पाहिले ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

'तात' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. दुकानात 'गट' किंवा 'गटिंग' म्हणतात. पण खानदेशातून येथे आलेल्या वडील मंडळींना पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात आठवत असेल. ती जनावराच्या आतड्यापासून केलेली असे. टेनिसची पहिली तातही तशीच होती. इंग्लंडमध्ये १८७४ साली या खेळाच्या साहित्याचे पेटंट घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, फ्रान्समधील लियाँ शहरी बाबोला या घराण्याने रॅकेटसाठी आतड्याची तात तयार केली. पूर्वी ती मेंढीच्या आतड्याची असे, आता ती बहुतेक गाईच्या आतड्यापासून होते. ज्या घरांत हे चालणार नाही त्यांनी घेण्यापूर्वी अवश्य विचारावे. गुणांनी मात्र ती आजही सर्वांत मऊ व लवचीक समजली जाते. ती सर्वांत महागही आहे आणि ओलाव्याने लवकर बिघडते, म्हणून सुरतेच्या पावसाळ्यात विद्यार्थ्याने तिच्या वाटेस न गेलेलेच बरे.

दुसरी तात नायलॉनची. नायलॉन हे अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली शोधून काढले. तिसरी पॉलिएस्टरची. हे रसायन इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या दोघांनी १९४१ साली सिद्ध केले. आपल्या आजोबांच्या टेरिलीनच्या सदऱ्याचे कापड तेच, आणि आज डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतील मागांवर रात्रंदिवस जे सूत धावते तेही बहुतांशी तेच. तापीच्या मुखाशी हजिऱ्याला त्याचे मोठे कारखाने आहेत. सारांश, जगज्जेत्यांच्या रॅकेटवरील तात आणि आपल्या आईची साडी एकाच कुळातील आहेत.

असे असता साडी मऊ आणि तात इतकी ताठ का? हा प्रश्न त्या मुलाच्या वडिलांनीच आम्हांला विचारला. जाळी कापून काढल्यावर त्यांनी तिचे तुकडे शाळेत आणून दिले. ते आम्ही मुलांकडून मोजून घेतले. एक मीटर लांबी भरेल एवढ्या तुकड्यांचे वजन प्रयोगशाळेच्या तराजूवर सुमारे १.८ ग्रॅम भरले. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, हे येथील मुलांना शिकवावे लागत नाही. १.८ ला ९००० ने गुणिले की १६,२०० येतात. साडीसाठी मागावर चढणारे सूत बहुधा ५० ते ८० डेनियरचे असते. म्हणजे ही एकच तात ८० डेनियरच्या दोनशे धाग्यांच्या भाराची झाली! शिवाय सुताच्या एका धाग्यात अनेक बारीक तंतू एकत्र असतात. तातीत मात्र सगळा माल एकाच सलग काडीसारखा असतो.

तातीची जाडी दाखविणारा जो क्रमांक वेष्टनावर असतो तो मात्र डेनियरच्या उलट चालतो. १५ क्रमांकाची तात जाड, १६ ची सुमारे १.३० मिलिमीटर, १७ ची सुमारे १.२० मिलिमीटर आणि १८ ची त्याहून बारीक. अंक वाढला की धागा बारीक होतो. कापसाच्या सुताचा काउंट असाच चालतो, म्हणून घरी कोणी सूतगिरणीत काम केले असेल तर त्यांना हे चटकन समजेल. बारीक तात चेंडूला अधिक प्रतिसाद देते, पण लवकर तुटते. जाड तात टिकते.

आता जाळीकडे पाहू. रॅकेटच्या चौकटीत जे विणले जाते ते शुद्ध ताणा-बाणा आहे. आपले गुजराती शेजारी त्यालाच ताणा-वाणा म्हणतात. पुष्कळ रॅकेटमध्ये उभ्या १६ व आडव्या १९ दोऱ्या असतात. काहींत १८ व २० असतात. आडवी दोरी एका उभ्या दोरीच्या वरून आणि पुढच्या दोरीच्या खालून जाते, जशी साध्या विणीच्या कापडात जाते. या विणीचे महत्त्व किती आहे हे १९७७ साली दिसून आले. त्या वर्षी फ्रान्समधील एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रुमानियाचे नास्तासे हे एक विचित्र रॅकेट घेऊन उतरले. तिच्या दोऱ्या एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या. त्या मोकळ्या सरकत आणि चेंडूला विलक्षण फिरकी देत. समोर अर्जेंटिनाचे व्हिलास होते. मातीच्या मैदानावर सलग ५३ सामने जिंकलेले हे खेळाडू दोन डाव हरताच सामना अर्धवट सोडून निघून गेले. तशा जाळीवर बंदी आली आणि १९७८ साली जाळी कशी असावी याचा नियमच झाला: दोऱ्या आळीपाळीने गुंफलेल्या असाव्यात आणि वीण सर्वत्र सारखी असावी.

नियमाने हाकलून दिलेली फिरकी पुढे पॉलिएस्टरच्या रूपाने काही अंशी परत आली. ही तात गुळगुळीत असते. चेंडू लागताच उभी दोरी बाजूला सरकते आणि चेंडू सुटण्यापूर्वी झटकन जागेवर येते. त्या झटक्याने चेंडू फिरतो. ब्राझीलचे कुएर्तेन यांनी १९९७ साली बेल्जियममध्ये बनलेल्या अशा तातीने फ्रेंच अजिंक्यपद जिंकले आणि मग सारे व्यावसायिक खेळाडू तिच्यामागे लागले. तरीही स्वित्झर्लंडचे फेडरर उभ्या दोऱ्या आतड्याच्या ठेवीत आणि आडव्या तेवढ्या पॉलिएस्टरच्या. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही निव्वळ पॉलिएस्टर नको वाटले, ही गोष्ट वेष्टनावरच्या चित्रात दिसत नाही.

मुलाच्या कोपराचे दुखणे कोठून आले, ते समजण्यास एक सोपा प्रयोग करावा. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे आपटताना चेंडू आपली जवळजवळ निम्मी शक्ती स्वतः चेपण्यात गमावतो. उलट जाळी चांगली ताणली जाऊन मागे आली तर ती घेतलेल्या शक्तीपैकी नऊ दशांशांहून अधिक परत देते. जाळी जितकी सैल व लवचीक, तितके तिचे दबणे अधिक, चेंडूचे चेपणे कमी आणि चेंडूला वेग अधिक. 'घट्ट जाळी म्हणजे जोरदार फटका' हा जो समज मुलांत सर्वत्र आढळतो, तो बरोबर उलटा आहे! घट्ट जाळीने जोर कमी होतो, चेंडूच्या दिशेवर मात्र ताबा वाढतो. तो ताबा उपयोगी पडावा एवढी दंडात ताकद लागते, आणि ती चौदा वर्षांच्या मुलाच्या दंडात नसते. त्याचा चेंडू लांब जात नाही म्हणून तो अधिक जोराने मारतो. चेंडू जाळीला सेकंदाचा दोनशेवा भाग एवढाच वेळ टेकलेला असतो. तेवढ्यात हात सावरता येत नाही. जाळी दबली नाही तर तो धक्का अधिक तीव्र होऊन मनगट व कोपर यांपर्यंत पोचतो. चुकीचा फटका आणि अति खेळ ही कोपराच्या दुखण्याची मोठी कारणे आहेतच. ताठ तात त्यांत भर घालते. जाळीत अडकविण्याचे रबरी बटण पुष्कळजण उपाय म्हणून घेतात, पण त्याने फक्त आवाज बदलतो.

पॉलिएस्टरचा आणखी एक दोष असा, की तिचा ताण फार लवकर उतरतो, आणि तरी ती तुटत नाही. नायलॉनची तात तुटून आपण संपल्याचे सांगते. पॉलिएस्टरची मेलेली तात रॅकेटवर तशीच बसून राहते. व्यावसायिक खेळाडू ती सतत बदलतात. आपण एकदा पैसे खर्चून वर्षभर तीच वापरणार.

म्हणून शाळकरी मुलामुलींनी नायलॉनची तात घ्यावी, १६ किंवा १७ क्रमांकाची, आणि ताण ५० पौंडांच्या, म्हणजे साडेबावीस किलोंच्या, आसपास ठेवावा. रॅकेटच्या चौकटीवर ताणाची मर्यादा बहुधा छापलेली असते. सुरुवात तिच्या खालच्या टोकापासून करावी. साधी नायलॉनची तात बहुधा सर्वांत स्वस्तही असते, हे पालकांना सांगण्यास आम्हांला विशेष आनंद वाटतो. घरी बॅडमिंटनची रॅकेट असते म्हणून तिचे माप येथे लावू नये. ती तात टेनिसच्या तातीच्या जवळजवळ निम्म्या जाडीची असते. (बॅडमिंटनवरून आठवले: सांगलीचे नंदू नाटेकर, ज्यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे अजिंक्यपद मिळविले, ते आरंभी टेनिसच खेळत, आणि त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धांत टेनिसमध्ये सुवर्णपदक मिळविले.)

आठवड्यातून जितके दिवस खेळावे तितक्या वेळा वर्षातून तात बदलावी, असा खेळाडूंत एक ठोकताळा आहे. तो खर्च सर्वांना झेपणार नाही. निदान रॅकेट पत्र्याच्या छताखाली तापत ठेवू नये, कारण उष्णतेनेही ताण उतरतो. आणि एक दोरी तुटली की बाकीच्याही लगेच कापून टाकाव्यात, मधून बाहेरच्या बाजूकडे, एक उभी एक आडवी अशा क्रमाने, नाहीतर एका बाजूच्या ओढीने चौकट वाकते.

आमच्या विद्यार्थ्याला डॉक्टरांनी दीड महिना विश्रांती सांगितली. त्या काळात वडिलांनी रॅकेट पुन्हा दुकानात नेली आणि समोर उभे राहून ५० पौंडांवर नायलॉनची जाळी विणून घेतली. ताण देणारे यंत्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले. 'बीम भरताना आम्ही हेच करतो,' ते आम्हांला म्हणाले, 'ताण जास्त झाला की धागा तुटतो. इथे धागा मजबूत, म्हणून पोराचा हात तुटायला आला.' मुलगा आता आठवड्यातून तीन दिवस खेळतो. फळ्यावरचे ते गणित मात्र त्याने अजून सोडविलेले नाही.