बॉयलरचे पाणी : सभासदांनी समजून घ्यावे असे काही



कारखान्याचा विषय निघाला की आपण ऊस, उतारा आणि दर यांवर बोलतो. पाण्यावर बोलतो ते आपल्या शेतातल्या. पण कारखान्याच्या पोटातही पाणी आहे, आणि ते बिघडले तर गव्हाण थांबते. गव्हाण थांबली की गाड्या आवारात उभ्या राहतात, ऊस वाळतो. काट्याआधी वाळला तर वजन घटते, काट्यानंतर शिळा झाला तर उतारा घटतो. दोन्हीकडून नुकसान आपलेच. म्हणून या अंकात बॉयलरच्या पाण्याचा हा पाठ देत आहोत.

पाणी स्वच्छ दिसते, तरी बॉयलरला चालत नाही. का?

विहिरीचे निवळशंख पाणी एकाच भांड्यात रोज तापवा. थोड्याच दिवसांत तळाला पांढरा थर धरतो. ठिबकची छिद्रे बुजतात तीही बऱ्याचदा याच क्षारांनी. हे मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार. ज्या पाण्यात ते जास्त, त्यात साबणाला फेस येत नाही. त्याला आपण जड पाणी म्हणतो.

बॉयलरच्या नळ्यांना बाहेरून आग आणि आतून पाणी असते. नळीत क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. तेवढ्याच वाफेला बगॅस जास्त जाळावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे नळीचे लोखंड प्रमाणाबाहेर तापते, फुगते आणि शेवटी फुटते. नळी फुटली की लगेच दुरुस्ती होत नाही. बॉयलर आधी थंड होऊ द्यावा लागतो, मगच माणूस आत जातो.

दुसरा शत्रू पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तो लोखंडाला आतून टाचणीच्या टोकासारखे खड्डे पाडतो. तिसरा सिलिका. जुन्या 21 किलो दाबाच्या बॉयलरला तिचा त्रास कमी होता. सहवीजनिर्मितीसाठी 67, 87 किंवा 110 किलो दाबाचे बॉयलर आले, तशी ती मोठी अडचण झाली. एवढ्या दाबाला सिलिका वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. मग वीज कमी तयार होते.

पाण्यावर काय काय प्रक्रिया करतात?

1) तुरटीने गाळ खाली बसवून पाणी वाळूच्या थरातून गाळतात.

2) सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावतात. लक्षात ठेवा, याने जडपणा जातो, एकूण क्षार जात नाहीत.

3) जास्त दाबाच्या बॉयलरला म्हणूनच आर.ओ. किंवा डी.एम. प्लँट लागतो. आर.ओ.मध्ये पाणी दाबाने पडद्यातून ढकलतात. डी.एम.मध्ये दोन प्रकारचे रेझिन क्षार काढून घेतात. एक आम्लाने ताजे करतात, दुसरे कॉस्टिक सोड्याने.

4) डीएरेटरमध्ये वाफेने पाणी सुमारे 105 अंशांपर्यंत तापवून प्राणवायू घालवतात.

5) कमी दाबाच्या बॉयलरमध्ये थोडा फॉस्फेट घालतात. उरलासुरला जडपणा कडक थर न होता मऊ गाळ होतो. तो गाळ आणि साठलेले क्षार अधूनमधून खालून सोडून देतात. याला ब्लोडाऊन म्हणतात. तो कमी केला तर क्षार वाढतात, जास्त केला तर तापलेले पाणी फुकट जाते.

उसातले पाणी आणि साखरेचा धोका

एक टन उसात साधारण 700 किलो पाणीच असते. शंभर टन रस 15 ब्रिक्सवरून 60 ब्रिक्सवर आणला, तर पाक उरतो 25 टन. म्हणजे 75 टन पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड झाली की गरम पाणी मिळते. हे पाणी जपून वापरले तर नदीवरून फार कमी उचलावे लागते.

पण इथे एक मेख आहे. पहिल्या बॉडीला टर्बाइनची वाफ दिलेली असते. तिचे पाणी चांगले, ते बॉयलरला परत जाते. पुढच्या बॉडींचे पाणी रसाच्या वाफेचे. उकळी जोराची झाली की रसाचे तुषार त्यात येतात. नळी गळत असेल तर पहिल्या बॉडीच्या पाण्यातही रस शिरू शकतो. साखर बॉयलरमध्ये गेली की तापून तिचे आम्ल होते, पाण्याला फेस येतो, नळ्या खराब होतात.

म्हणून प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा तपासणी करतात. नमुन्यात अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकून नळीच्या कडेने सल्फ्युरिक आम्ल सोडायचे. जांभळे कडे दिसले की साखर आहे. ते पाणी लगेच बॉयलरकडून वळवायचे. रात्रपाळीच्या केमिस्टने एक नमुना चुकवला तर केवढ्याचे नुकसान होईल, बघा! शिवाय त्या जांभळ्या कड्यातली साखर तुमच्या-आमच्या उसातलीच असते.

सांडपाणी आणि आपली जमीन

केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमाप्रमाणे साखर कारखान्याला एक टन उसामागे एकूण 200 लिटरपर्यंतच सांडपाणी बाहेर सोडता येते. त्यात सॉफ्टनर धुतलेल्या मिठाच्या पाण्याकडे विशेष लक्ष हवे. सोडियमने काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, उगवण मार खाते. "कारखान्याचे पाणी फुकट मिळते" म्हणून कोणतेही पाणी शेतात घेऊ नका. प्रक्रिया झाली आहे का आणि क्षार व सोडियम किती, हे विचारूनच घ्या.

वार्षिक सभेत हे विचारा

– नळ्या फुटल्यामुळे हंगामात किती तास गाळप बंद राहिले?
– टनामागे नदीचे किती पाणी उचलले?
– बॉयलरच्या पाण्यात साखर किती वेळा सापडली, आणि कारण काय निघाले?
– सॉफ्टनरचे व आर.ओ.चे खारे पाणी कुठे जाते?

या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली तर पाण्याकडे लक्ष आहे असे समजावे. नुसते "सगळे ठीक आहे" असे मिळाले तर पुन्हा विचारावे. कारखाना सभासदांचा आहे, तेव्हा विचारण्यात संकोच कसला?